टर्नशू: चौदाव्या शतकातल्या लंडनचे बूट घरी शिवायचे असतील तर नेहमी पडणारे प्रश्न

"मध्ययुगीन बूट" म्हणजे नक्की कुठले?

हा प्रश्न सगळ्यात आधी घेते कारण गोंधळ इथेच सुरू होतो. युरोपचं मध्ययुग म्हणजे जवळजवळ हजार वर्षं. त्यात दहाव्या शतकातल्या यॉर्कमधला व्हायकिंग कारागीर पण आला आणि १४६० मधला लंडनचा श्रीमंत व्यापारी पण आला, आणि त्या दोघांच्या पायातले बूट शेजारी ठेवले तर एकाच खंडातले आहेत हे पण सांगावं लागेल. म्हणून सर्च केल्यावर पहिला जो पॅटर्न दिसतो तो कापायला घेऊ नका. एक शहर धरा, पन्नास-साठ वर्षांचा काळ धरा, जमलं तर उत्खननात सापडलेला एकच बूट निवडा आणि त्याच्याच मागे जा.

मी इथे जे सांगतेय ते साधारण १३५० ते १४२० मधल्या लंडनच्या टर्नशूबद्दल, म्हणजे उलटा शिवून मग सुलटा केलेल्या बुटाबद्दल. लंडनच का, तर तिथला पुरावा फार म्हणजे फार चांगला आहे. त्या काळात थेम्सच्या काठाला लाकडी धक्के बांधून नदीतच जमीन पुढे सरकवत होते आणि मागची पोकळी शहराचा कचरा टाकून भरत होते, त्या कचऱ्यात झिजलेले फाटलेले बूट ढिगाने गेले. पुढे १९७० च्या दशकात तिथे नवी बांधकामं निघाली तेव्हा हे सगळं वर आलं. बेनर्ड्स कासल नावाच्या जागी १९७२ मध्ये एका जुन्या गोदीच्या गाळात चौदाव्या शतकाच्या शेवटचे बूट सापडले, ते आजही या विषयात सगळ्यात जास्त कामाचे आहेत. राजेरजवाड्यांचे नाहीत हं, साध्या शहरी माणसांनी वापरून टाकून दिलेले, आणि मला तर ते त्यामुळेच जास्त आवडतात.

जुन्या चित्रांवरून बनवलं तर नाही का चालणार?

चित्रात आकार कळतो, टोक किती लांब, बंद कुठे, रंग कुठला. शिवण कळत नाही. आणि बूट म्हणजे शिवणच असते, तळ वरच्या भागाला कसा जोडलाय त्यावर तो पायात कसा बसेल, कसा वाकेल, कुठे झिजेल हे सगळं ठरतं. बाजारातल्या फ्लॅट चपलेला वरून टोक चिकटवलं तर लांबून फोटोत बरं दिसतं पण चालणं आधुनिकच राहतं. टर्नशू घातल्यावर जमीन पायाला कळते, टाच आपोआप हळू टेकायला लागते. चौदाव्या शतकातला माणूस चालायचा कसा हे ज्याला जाणून घ्यायचंय त्याने शिवण बरोबर करावी एवढंच माझं म्हणणं आहे, दिसण्याचं नंतर बघता येतं.

सहाशे वर्षं लेदर टिकलं कसं?

ओला गाळ, आत हवा नाही, त्यामुळे सडवणारे जिवाणू कामच करू शकत नाहीत, आणि झाडाच्या सालीने कमावलेलं कातडं अशा ठिकाणी फार चांगलं टिकतं. पण बुटाचा धागा लिननचा किंवा हेंपचा असायचा आणि तो मात्र विरघळून जातो. म्हणून सापडतो तो बहुतेक वेळा पूर्ण बूट नसतोच, सुटे तुकडे असतात, तळ वेगळा, वरचा भाग वेगळा, आणि त्यांच्या कडांना रिकामी भोकं. ही भोकंच सगळं सांगतात. भोक आरपार गेलंय की कडेतून बाहेर पडलंय, दोन भोकांत अंतर किती, धागा ओढल्याची खूण कुठल्या दिशेला, यावरून शिलाई कुठली होती ते कळतं. कुठल्याही म्युझियमच्या ऑनलाइन कलेक्शनमध्ये फोटो बघताना झूम करून आधी कडा बघायची सवय लावा. अजून एक, गाळातून काढून वाळवताना लेदर आकसतं, दहा टक्क्यांपर्यंत सुद्धा, म्हणून मापं जशीच्या तशी घेऊन "लोक किती छोट्या पायाचे होते" असं ठरवू नका.

टर्नशू म्हणजे काय?

उशीचा अभ्रा आपण उलटा शिवतो आणि मग सुलटा करतो, तसंच. बूट आतली बाजू बाहेर ठेवून शिवायचा, वरचा भाग आणि तळ एकाच शिवणीने जोडायचे, मग ओला करून पूर्ण उलटवायचा, म्हणजे शिवण आत जाते. जमिनीला धागा लागत नाही. इंग्लंडमध्ये साधारण १५०० पर्यंत बहुतेक बूट याच पद्धतीचे, त्यानंतर वेल्ट (वरच्या भागाच्या कडेला शिवलेली लेदरची पट्टी) लावून वेगळा जाड तळ शिवायची पद्धत आली आणि आजचा हाताने शिवलेला चामडी बूट त्या नंतरच्या पद्धतीतून आलेला आहे. टर्नशू पूर्ण मेला नाही, बॅलेच्या टोकावर नाचायच्या शूजमध्ये आजही हीच पद्धत वापरतात.

आत इनसोल नाही, टाच उंच नाही, कडक टोपण नाही. पाय आणि जमीन यांच्यामध्ये लेदरचा एकच थर.

लेदर कुठलं घ्यायचं? कोल्हापुरीचं चालेल का?

एक अट पक्की: व्हेजिटेबल टॅन, म्हणजे झाडाच्या सालीने किंवा फळाने कमावलेलं. क्रोम टॅनिंग (क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावणं) एकोणिसाव्या शतकातलं आहे, आणि बॅगांचं-जॅकेटचं बाजारात जे मऊ लेदर मिळतं ते जवळपास सगळं क्रोमचं असतं. ते फक्त इतिहासात बसत नाही म्हणून नको असं नाही, त्याने कामच नीट होत नाही, ओलं करून फरम्यावर (बुटाच्या आत घालायचा पायाच्या आकाराचा ठोकळा) ताणलं तरी वाळल्यावर आकार धरत नाही, आणि कडेतून भोक पाडायची आरी घालायला गेलं की कड स्पंजसारखी दबते.

तेव्हाचे इंग्लिश टॅनर ओकची साल वापरायचे, खड्ड्यात कातडं आणि साल थर देऊन भिजत ठेवायचे आणि जाड कातड्याला वर्ष किंवा त्याहून जास्त लागायचं. आपल्याकडे ओक नाही पण तत्त्व तेच असलेलं लेदर आहे. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्याने कमावतात, कातड्याची पिशवी शिवून टांगतात आणि त्यात तो काढा भरतात. हे म्हशीचं जाड कातडं टर्नशूच्या तळाला छान चालतं, फक्त कडक ठोकलेला भाग मागू नका, खांद्याकडचा लवचिक तुकडा मागा, कारण तो तळ पुढे तुम्हाला ओला करून पूर्ण दुमडायचाय. रेडीमेड दुकानात "सोल लेदर" म्हणून जे रोलरखाली दाबलेलं फळीसारखं मिळतं ते तर घेऊच नका, उलटणारच नाही.

वरच्या भागाला तमिळनाडूतलं ईआय (ईस्ट इंडिया) लेदर बघा, शेळीचं किंवा मेंढीचं, पूर्वी तरवडाच्या सालीवर व्हायचं, आता बरंचसं वॅटल नावाच्या झाडाच्या सालीच्या अर्कावर होतं पण व्हेज टॅनच आहे. शेळीचंच घ्या. मेंढीचं लेदर फार सैल असतं, थर सुटतात, आणि लंडनच्या चांभारांच्या गिल्डने (कारागिरांच्या संघाने) सुद्धा मेंढीचं स्वस्त लेदर आणि चांगलं कॉर्डवेन (शेळीचं उंची लेदर) एका बुटात मिसळायला बंदी घातली होती. सापडलेल्या बुटांत गाय-वासराचं लेदर जास्त दिसतं, त्यामुळे परदेशात राहत असाल तर सरळ दीड-दोन मिलिमीटरचं वासराचं व्हेज टॅन घ्या. जाडीचा हिशोब: वरचा भाग १.५ ते २ मिमी, तळ ३.५ ते ४.५ मिमी. आखूड बुटाच्या एका जोडीला वरच्यासाठी साधारण ३ चौरस फूट धरून चला, पोटाकडचा ताणणारा भाग सोडून.

दुकानदार म्हणतो व्हेज टॅन आहे, खात्री कशी करू?

कापलेली कड बघा, क्रोमच्या लेदरच्या मध्यभागी बहुतेक वेळा निळसर-राखाडी रेघ दिसते, व्हेज टॅन आरपार तपकिरी. पाण्याचा थेंब टाका, व्हेज टॅन पटकन पितं आणि गडद होतं. छोटा तुकडा उकळत्या पाण्यात टाका, व्हेज टॅन आक्रसून वळतं आणि क्रोमला फारसं काही होत नाही. आणि सगळ्यात सोपं म्हणजे व्हिनेगरमध्ये गंजलेले खिळे टाकून काही दिवस ठेवायचे, ते पाणी लावलं की व्हेज टॅन बघता बघता काळं पडतं, कारण लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग होतो. हेच पाणी पुढे बूट रंगवायला पण वापरायचंय.

लाकडी फरमा लागतोच का?

चांगल्या बुटाला हो. मध्ययुगातले कारागीर लाकडी फरमे वापरायचे आणि फरम्याशिवाय शिवलेला टर्नशू पायमोज्यासारखा सैल होतो, तळाची रेघ वाकडी जाते. जुन्या बाजारात बुटांचे लाकडी फरमे मिळतात पण त्यांना टाचेचा उंचवटा असतो, तो तासून खालची बाजू सपाट करावी लागते. नाहीतर स्वतःच्या पायाचा प्लास्टरचा साचा काढून त्यावरून बनवा. साचा काढताना लोकरीचा जाड मोजा घालूनच काढायचा कारण तेव्हा बुटाच्या आत लोकरी कापडाचा होज (लांब पायमोज्यासारखा घट्ट कपडा) असायचा, आणि अंगठ्याच्या पुढे टोकासाठी भर घालायची.

पॅटर्न कसा काढू?

पायात जुना मोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर पॅकिंग टेप घट्ट, सगळीकडून दोन-तीन थर. मग मार्करने त्यावर बुटाची रेघ काढायची, तळाची कड, वरचं तोंड, शिवण कुठे येणार ते, आणि त्या रेघांवर कापून सपाट करायचं. फरमा असेल तर हेच फरम्यावर करा, जास्त बरोबर येतं.

आता महत्त्वाचं. या काळातल्या लंडनच्या बऱ्याच बुटांचा वरचा भाग एकाच तुकड्याचा असतो, तो पूर्ण पायाभोवती फिरतो आणि त्याची शिवण पायाच्या आतल्या बाजूला, म्हणजे दोन पायांच्या मध्ये जी बाजू येते तिथे एकच. मागे टाचेला शिवण नाही! आधुनिक बूट डोळ्यांपुढे असतो म्हणून हात आपोआप मागे मधोमध शिवण काढायला जातो आणि मग तो बूट कितीही नीट शिवला तरी जाणकार माणूस मागून एकदा बघून ओळखतो. एक तुकडा वळवल्यावर कुठे कुठे उंची कमी पडते, तिथे छोटा त्रिकोणी किंवा चौकोनी तुकडा जोडायचा. असे जोड खऱ्या बुटांत भरपूर सापडतात कारण कातडं महाग होतं आणि कापताना पॅटर्न एकमेकांत बसवून कचरा वाचवायचे. जोड लपवायची गरज नाही, मला तर जोड असलेला बूट जास्त खरा वाटतो.

टाचेला आतून एक त्रिकोणी आधार लावतात, कडेने अशी शिलाई की टाका लेदरच्या फक्त आतल्या अर्ध्या जाडीतून जातो आणि बाहेर काहीच दिसत नाही. हा आधार विसरू नका, नाहीतर महिनाभरात टाच खाली बसते. पॅटर्न आधी जाड कापडात किंवा फेल्टमध्ये शिवून बघा, लेदर नंतर.

उजवा-डावा वेगळा असायचा का?

हो, स्पष्ट वेगळा. दोन्ही पायांना एकच सरळ आकार ही गोष्ट साधारण १६०० नंतरची, उंच टाचा आल्यावर दोन वेगळे फरमे करणं अवघड झालं तेव्हाची. चौदाव्या शतकातला तळ मध्ये चांगलाच बारीक होतो आणि पावलाच्या वळणाप्रमाणे वळतो. आयुष्यभर चपला वापरलेल्या आपल्या लोकांचे पाय पुढे बरेच रुंद असतात, तेव्हा चवड्याला जागा ठेवा आणि बारीकपणा फक्त मध्ये ठेवा, जुन्या तळाची बाह्यरेषा आंधळेपणाने छापू नका.

धागा, सुई, मेण याचं काय?

धागा लिननचा. बारीक सूत बरेच पदर एकत्र करून, टोकं निमुळती करून, मांडीवर वळून स्वतः बनवायचा. त्याला राळ आणि मधमाशीचं मेण एकत्र वितळवून केलेला गोळा चोळायचा, पाहिजे तर त्यात पिच (डांबरासारखा काळा चिकट पदार्थ). प्रमाण हवेवर ठरतं, जुने चांभार उन्हाळ्याचं आणि थंडीचं वेगळं बनवायचे. मुंबई-कोकणातल्या मे महिन्यात राळ जास्त लागेल नाहीतर हाताला नुसता चिकटा, आणि लंडनच्या जानेवारीत मेण वाढवा नाहीतर गोळा फुटतो. हे मेण धागा गुळगुळीत करण्यापुरतं नाही, ते भोकात गच्च बसतं, टाका जागेवर धरून ठेवतं आणि पाणी अडवतं.

सुई तेव्हा वापरायचेच नाहीत या कामात, डुकराचा राठ केस धाग्याच्या टोकाला वळून लावायचे. केस वाकतो म्हणून वळणाऱ्या भोकातून जातो, सरळ सुई तिथे अडते. केस मिळाला नाही तर जाड नायलॉनची मासेमारीची दोरी कापून वापरता येते, दिसत तर कुठे नाही.

आरी गुळगुळीत आणि वाकडी पाहिजे. आपल्याकडच्या चांभारदादांकडे असते ती टोकाला खाच असलेली आरी वेगळी, ती धागा खेचून फासाची शिलाई करते, फार सुंदर हत्यार आहे पण त्याची शिलाई वेगळी पडते. इथे भोक आरीने करायचं आणि त्याच भोकातून दोन्ही बाजूंनी दोन टोकं घालायची.

तळाची शिवण नीट समजावून सांगा ना, व्हिडिओ बघून कळत नाही.

सांगते, सावकाश वाचा आणि हातात दोन तुकडे घेऊन वाचा.

लेदरला दोन बाजू, केसांची गुळगुळीत आणि मांसाची खरखरीत. फरमा उलटा मांडीवर, तळवा वर. तळाचा तुकडा फरम्यावर ठेवायचा, गुळगुळीत बाजू फरम्याकडे आणि खरखरीत तुमच्याकडे. बूट उलटल्यावर गुळगुळीत बाजू जमिनीकडे जाणार आहे म्हणून हे असं. वरचा भाग पण तसाच, गुळगुळीत आत, खरखरीत बाहेर. वरचा भाग ओढून त्याची कड तळाच्या कडेला आणायची आणि चार-पाच ठिकाणी बारीक खिळ्याने धरायची: आधी टोक, मग टाच, मग दोन्ही बाजू. जास्तीचं लेदर टोकाजवळ आणि टाचेजवळ सारखं वाटून घ्यायचं, आत्ता चुण्या राहिल्या तर कायमच्या राहतात.

आता टाका. आरी वरच्या भागातून आरपार जाते, कडेपासून साधारण ४ मिमी आत, आणि मग तळाच्या कडेत शिरते. कडेत म्हणजे जाडीच्या मध्यात, लेदर जिथे कापलंय त्या चिरेत. तिथून ती वाकडी वर वळते आणि तळाच्या खरखरीत बाजूने बाहेर येते. तळाची गुळगुळीत बाजू कुठेच फुटत नाही, यातच सगळी कारागिरी आहे. बूट सुलटा झाला की तो टाका पूर्ण आत असतो, खालून बघितलं तर एकही भोक नाही, आणि तळ झिजून अर्धा झाला तरी धागा सुरक्षित. दोन टाक्यांत ५ ते ७ मिमी अंतर ठेवा. इथे बारीक टाका म्हणजे चांगला टाका असं नाही, फार जवळ भोकं पडली तर तळाची कड फाटते, आणि सापडलेल्या बुटांत पण तळाची शिवण अशी लांब टाक्यांचीच आहे. वरच्या भागाची बाजूची शिवण मात्र बारीक, साधारण ३ मिमी, ती दोन कडा समोरासमोर टेकवून दोन्हीकडे कडेतूनच टाका घालून करायची, म्हणजे बाहेरून धागा दिसत नाही.

धागा ओढताना जोर लावा, दोन्ही हात बाजूला पूर्ण जाईपर्यंत. हातमोजे किंवा तळहाताला लेदरचा पट्टा बांधा, लिनन कापतं.

रोज थोडं शिवा. पहिल्याच दिवशी पूर्ण तळ उरकायला बसलात तर शेवटचे टाके सैल पडतात आणि बूट तिथूनच उघडतो.

रँड म्हणजे काय, लावायचाच का?

तळ आणि वरचा भाग यांच्या मध्ये शिवणीत धरलेली लेदरची बारीक पट्टी. चौदाव्या शतकाच्या लंडनसाठी लावायचाच. फट भरते, पाणी कमी शिरतं, आणि टाक्यांवरचा ताण वाटला जातो. दीड-दोन मिमी जाडीची, निमुळती पट्टी घ्या.

उलटताना शिवण उसवेल अशी भीती वाटते.

नीट भिजवलं असेल तर नाही उसवत. कोमट पाण्यात ठेवा, तळ पूर्ण भिजून मऊ होईपर्यंत, घाई नको. फरमा काढा. आधी टाच उलटवा, कारण तिकडे बूट उघडा असतो, मग बोटांनी आत ढकलत ढकलत टोकापर्यंत जा आणि टोक गोल डोक्याच्या लाकडी काठीने हळूहळू बाहेर काढा. टोकदार काठी चालणार नाही, लेदर फुटेल. उलटल्याबरोबर परत फरमा घाला, शिवण हाडाच्या किंवा लाकडाच्या गुळगुळीत दांड्याने घासून बसवा आणि सावलीत वाळू द्या. उन्हात नाही, हीटरजवळ तर अजिबात नाही, लेदर कडक होऊन तडकतं.

बंद कुठला लावू?

बाजूला लेस, पुढे लेस, किंवा छोटं बकल, तिन्ही या काळात बसतात. लेस लेदरची किंवा विणलेली, भोकांना धातूची आयलेट मुळीच नको, ती फार नंतरची आहे, भोकांच्या मागे लेदरची पट्टी शिवली की पुरे. बकल अगदी छोटं असतं, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, कथील-शिशाच्या मिश्रणाचं किंवा लोखंडी. शिसं असलेलं आज वापरू नका, शुद्ध कथील किंवा पितळ घ्या.

लांब टोकाचे, पोलेन म्हणतात ते, करायचेत. किती लांब?

आधी हे लक्षात घ्या की त्या काळात सुद्धा फार लांब टोकं थोड्याच बुटांना होती, बहुतेक बूट नुसते टोकदार आहेत. तरी बेनर्ड्स कासलच्या गाळात खरे लांब टोकाचे बूट सापडलेत आणि त्यांच्या टोकांत शेवाळ ठासून भरलेलं होतं, आकार राहावा म्हणून. तुम्ही पण शेवाळ, लोकर, घोड्याचे केस भरा, थर्माकोल नको. टोकाला साखळी बांधून गुडघ्याला अडकवायचे ही गोष्ट सगळीकडे सांगतात पण असा एकही बूट उत्खननात मिळालेला नाही, तेव्हा साखळी लावू नका.

ही फॅशन दोनदा चढली, एकदा चौदाव्या शतकाच्या शेवटी आणि परत पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर. दुसऱ्या वेळी चौथ्या एडवर्डच्या राज्यात १४६३ च्या कायद्याने लॉर्डच्या खालच्या दर्जाच्या पुरुषांना २ इंचांपेक्षा लांब टोक घालायला मनाई झाली आणि १४६५ मध्ये लंडनच्या बूट बनवणाऱ्यांनाच असे बूट करायला बंदी आली. म्हणजे तुम्ही १३८५ च्या सामान्य लंडनकराचा वेश करताय तर हा कायदा तुम्हाला लागू नाही, पण १४७० चा करताय तर आहे.

आणि तब्येतीचं पण बोलते. २०२१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी तिथल्या मध्ययुगीन दफनभूमींतले १७७ सांगाडे तपासले, त्यात अकराव्या ते तेराव्या शतकातल्या फक्त ६ टक्के लोकांच्या अंगठ्याचं हाड बाहेर वळलेलं होतं, आणि चौदाव्या-पंधराव्या शतकात तेच प्रमाण २७ टक्के झालं. टोकदार बुटांमुळे असावं, असा त्यांचा निष्कर्ष. तेव्हा निमुळतेपणा बोटांच्या पुढे सुरू करा, बोटांवर नको. अंगठा आत सरळ राहिला पाहिजे, बाकी टोक पुढे हवं तेवढं जाऊ दे.

रंग आणि नक्षी?

गाळात सगळंच काळं-तपकिरी होतं म्हणून मूळ रंग क्वचित कळतो. चित्रांत काळे बूट भरपूर, आणि वर सांगितलेल्या लोखंड-व्हिनेगरच्या पाण्याने येणारा काळा रंग पूर्ण बरोबर आहे. रंगवल्यावर साध्या पाण्याने पुसा, मग तेल-चरबी. नक्षी हवी असेल तर लेदरमध्ये कोरलेल्या रेषा किंवा जाळीसारखी कापलेली भोकं, दोन्ही लंडनमध्ये सापडलीत. चौदाव्या शतकातला इंग्लिश कवी चॉसर, त्याने एका कथेत चर्चच्या कारकुनाच्या बुटांवर लंडनच्या सेंट पॉल चर्चची खिडकी कापलेली आहे असं लिहिलंय, म्हणजे लोकांच्या नजरेत भरत असणार.

शिलाई मशीन किंवा गोंद?

नाही. कडेतून निघणारा टाका मशीनला येत नाही, आणि गोंदाने बसवलेला तळ भिजल्यावर सुटतो.

फरशीवर घसरतात, पावसात भिजतात, काय करू?

घसरतात हे खरं आहे, नवीन तळ तर जास्तच. चालून चालून खरखरीत झाला की कमी होतं, सुरुवातीला सँडपेपर मारा. खिळे ठोकू नका, तळाला खिळे ही रोमन सैनिकांची गोष्ट, टर्नशूची नाही.

पाण्यासाठी वितळवलेली चरबी, मेण आणि नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं) एकत्र करून गरम गरम चोळायचं. नुसतं खोबरेल परदेशात थंडीत गोठून पांढरं दिसतं. तरी पूर्ण वॉटरप्रूफ होत नाही, आणि त्यांचे पण नव्हतेच, म्हणून चिखलात ते बुटाखाली पॅटन घालायचे: लाकडी जाड फळी, वर लेदरचा पट्टा. आल्डर, विलो, पॉपलर अशा हलक्या लाकडाचे. ॲस्पेनचं लाकूड इतकं वापरलं जायला लागलं की पंधराव्या शतकात इंग्लंडमध्ये पॅटन करणाऱ्यांना ते वापरायला कायद्याने बंदी केली, बाणांना कमी पडू नये म्हणून. घरी करायचं तर शिवण नावाच्या झाडाचं किंवा पांगाऱ्याचं लाकूड बघा, हलकं आहे.

पावसाळ्यात कोकण-गोव्याकडे व्हेज टॅनवर बुरशी येतेच. कपाटात बंद ठेवू नका, हवेशीर जागी, आत कोरडा कागद भरून.

आमचा ग्रुप व्हायकिंग वेश करतो, हाच बूट चालेल का?

नाही, पद्धत टर्नशूचीच असली तरी. दहाव्या शतकासाठी यॉर्कमधल्या कॉपरगेटचे बूट बघा, १९७६ ते १९८१ मध्ये तिथे मोठं उत्खनन झालं. त्यात तळाचा मागचा भाग टोकदार होऊन टाचेवर त्रिकोणासारखा वर चढतो, आणि बंद म्हणजे लेदरच्या गुंडाळलेल्या बोंडाचा. स्वीडनमधल्या गॉटलंड बेटावरच्या व्हिसबीच्या ऑगस्टमधल्या मध्ययुगीन आठवड्याला जाणार असाल तर तिथे १३६१ ची लढाई आठवली जाते, तिकडे मात्र वरचा सगळा मजकूर बराचसा लागू पडेल, तरी गॉटलंडचे आणि बाल्टिक काठच्या शहरांतले सापडलेले बूट आधी बघून घ्या.

किती टिकतात? झिजले की फेकायचे?

रोज दगडी रस्त्यावर वापरलेत तर तळ काही महिन्यांत जातो, चवड्याखाली पहिलं भोक पडतं, मग टाचेखाली. लंडनच्या सापडलेल्या तळांवर बरोबर याच दोन जागा झिजलेल्या आहेत. ते लोक फेकत नव्हते, पुढच्या अर्ध्याला एक आणि टाचेला एक असे लेदरचे वेगळे तुकडे खालून शिवायचे, आणि हे काम करणारे लोक नवीन बूट करणाऱ्यांपेक्षा वेगळे होते, त्यांचे धंदे आणि त्यांचे नियम पण वेगळे. तुम्ही पण भोक पडायची वाट बघू नका, तळ पातळ वाटायला लागला की लगेच तुकडा लावा, रँड असेल तर त्यालाच शिवता येतो आणि मूळ शिवणीला हात लावावा लागत नाही. लावताना तुकडा ओला करून शिवा, धागा तोच राळेचा, आणि कड शेवटी चाकूने आतल्या बाजूला तिरकी कापा म्हणजे चालताना अडकत नाही. वरचा भाग चांगला राहिला तर असे तळ दोन-तीनदा बदलता येतात, आणि वरचा भाग पण गेला की त्याचे चांगले तुकडे कापून ठेवा, पुढच्या जोडीच्या टाचेचा आधार आणि लेसच्या भोकांमागची पट्टी त्यातूनच निघते.